जुळलेली बेरीज

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. नंदनवन वस्तीत माझं गाड्यांचे कंप्युटर दुरुस्त करायचं दुकान आहे. काटोलहून प्रवासी आणणाऱ्या जीपचा ड्रायव्हर मालकाच्या हुकमावरून वेगाचं कुलूप, म्हणजे ठरावीक वेगापुढे गाडी जाऊ न देणारी मर्यादा, काढायला आला होता. किल्ली देईना, नुसती शर्टाला पुसत राहिला.

"ड्रायव्हर अन् भेऊन राहिला काहून गा?" मी टोमणा मारला.

"भाऊ, मालक फोनवर बोंबलला का मले सांगता येते, गाडीच पळत नाही म्हणून. कुलूप गेल्यावर काय सांगू?"

मी हसून किल्ली घेतली. वेगाचा आकडा बदलला की कंप्युटरमधल्या सगळ्या आकड्यांची ताळ्याची बेरीज चुकते, आणि गाडी सुरूच होत नाही. ती बेरीज मी नव्याने काढून बसवली. जाताना त्यानं सीटबेल्ट ओढून ओढून पाहिला.

पुढे एक दिवस भरधाव जीप उलटली. दोन प्रवासी गेले. जीपच्या कंप्युटरच्या तपासणीत बेरीज बरोबर जुळली, म्हणून छेडछाड नाही, दोष ड्रायव्हरचा, असं ठरलं. मालक गप्प बसला, मीही बसलो. ड्रायव्हर आज तुरुंगात आहे. कुलूप मी काढलं, हे कोर्टात उभं राहून सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.