मांजरीची वहिनी

अठरा वर्षं आत्या एकच गोष्ट सांगत होती आणि अठरा वर्षं घरात ती कुणाच्या गळी उतरत नव्हती.

गोष्ट एवढीच, की जुन्या आगबोटीत राहणाऱ्या मांजरीची ती कार्टून मालिका, जी बघत अख्खी पिढी जेवली, त्यातल्या मांजरीचा आवाज आत्याचा होता. पण शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीवर आत्याचं नाव नव्हतं. नुसतं ‘इतर आवाज’. त्यानंतर ती बस स्थानकात लागली. काचेच्या खोलीत बसायचं आणि धूळ गिळत दिवसातून दोनशे वेळा म्हणायचं, “फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी...” असल्या कामाने मांजरीचा आवाज गेला आणि गंजलेल्या शटरचा आला. आता कोण विश्वास ठेवणार?

टिंगलीत आत्याचा भाऊ, दादा, सगळ्यांच्या पुढे. आत्या कामावरून आली की दारातच ओरडायचा, “दूध झाकून ठेवा रे, आमची मांजर आली!” वहिनी ओठ दाबून हसायची. आत्याही हसायची, पण चपला काढताना जरा जोरात आपटायची.

मग दादाच्या मुलीने, आत्याच्या भाचीने, खेळ आणला. त्याच मालिकेवरचा, कॉम्प्युटरवर खेळायचा. ह्यात पळापळ नाही की मारामारी नाही. चित्रातल्या वस्तूवर क्लिक करायचं, ती पिशवीत टाकायची आणि कुठे उपयोगी पडते ते शोधत बसायचं. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: आवाज मूळ रेकॉर्डिंगमधले.

“मूळ!” आत्याने डबा दादाच्या नाकासमोर धरला. “रविवारी सगळे बसा. कानांनी ऐका.”

“ओळखला तर मिशी काढीन,” दादा म्हणाला.

रविवारी सकाळी भाचीने खेळ सुरू केला. दादा वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत, वहिनी दाराशी चहाचा ट्रे घेऊन. पडद्यावर मांजर आली, शेपूट झटकली आणि म्हणाली, “कोण आहे रे बोटीवर?” आवाज असा की जणू पाकात घोळलेला.

“ही?” दादा खो खो हसला. “अगं, हिच्यात साखर आहे. तुझ्यात खडी आहे!”

“आत्या, खरंच वेगळा वाटतोय गं,” भाची हळूच म्हणाली. आत्याचा चेहरा उतरला. दुसरा पुरावा जगात नव्हता.

पुढे बोटीच्या तळघराचं दार. ते काही उघडेना. भाचीने दारावर साबण लावून पाहिला, छत्री लावून पाहिली, आणखी काय काय लावलं. प्रत्येक चुकीला मांजर कुरकुरायची: “छे!” “डोकं वापर.” अकराव्या चुकीला, वाळका मासा लावला तेव्हा, मात्र मांजर भलतंच बोलली.

“नव्या वहिनीचा चहा म्हणजे कपबश्या विसळलेलं गरम पाणी. आणि दादा? समोर ‘वा वा’ करतो आणि गुपचूप कुंडीत ओततो!”

दादाने वर्तमानपत्र चेहऱ्यावर ओढलं.

“मांजरीला वहिनी कुठून आली?” भाचीने विचारलं.

आत्याला लख्ख आठवलं. रेकॉर्डिंगआधी आवाजाची पातळी लावायला काचेपलीकडचा माणूस म्हणायचा, “ताई, काहीही बोला.” आणि आत्या पोटात असेल ते बोलायची. दादाच्या लग्नाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. ते ‘काहीही’ कुणी पुसलंच नव्हतं! खेळवाल्यांना कुरकुर कमी पडली असणार, त्यांनी तेही उचललं.

वहिनीने ट्रे खाली ठेवला. “वन्सं,” ती अगदी सावकाश म्हणाली, “ही मांजर कोण?”

नाही म्हणावं तर अठरा वर्षं पाण्यात. हो म्हणावं तर ह्याच घरात, ह्याच वहिनीच्या हातचं दोन वेळा जेवायचं.

“छट्! हिचा आवाज नाहीच हा!” दादाच घाईघाईने उठला. वर्तमानपत्र उलटं धरलेलं. “कुणी तरी दुसरीच बाई. योगायोग!”

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. अठरा वर्षांचं दूध झाकून ठेवा, दूध झाकून ठेवा. तिने घसा खाकरला.

“मीच ती,” ती म्हणाली. “आणि वहिनी, चहाबद्दल म्हणाल तर... तेव्हा तुम्ही नव्या होतात.”

वहिनीने भाचीच्या हातातून माऊस ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा धरलेला, पण क्लिक बरोब्बर केलं: वाळका मासा, दार. मांजर पुन्हा तेच बोलली. वहिनीने पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना ती ‘वा वा’पाशी आत्याकडे वळली.

“हे ‘वा वा’ तुम्ही आजही अस्संच करून दाखवता, वन्सं. ह्यांची नक्कल. आवाज तुमचाच आहे. मीच मेली अठरा वर्षं हसत बसले.”

एवढी वर्षं आत्याला हेच वाक्य ऐकायचं होतं.

“मग ठरलं तर,” दादा दाराकडे सरकत म्हणाला. “मी आपली मिशी...”

“मिशी राहू दे,” वहिनी म्हणाली. “आधी सांगा, कुंडी कुठली?”

गॅलरीत एकच कुंडी होती. अठरा वर्षांत तिच्यात लावलेलं एकही रोप जगलं नव्हतं, आणि दर वेळी वहिनीने दोष मातीला दिला होता.