तिसऱ्या मजल्यावरचे कपडे

लहानपणी आमचं बिऱ्हाड दर अकरा महिन्यांनी हलायचं. आईने कुठल्याच खोलीत खिळा ठोकला नाही. "दुसऱ्याची भिंत," म्हणायची. त्या घरातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे भाड्याने द्यायला फ्लॅट घेणं मला नाही तर कोणाला कळणार?

म्हैसूरला जयलक्ष्मीपुरममध्ये तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मी पक्का केला. कागदपत्रं तपासली, लॅपटॉपवर तक्ता मांडला. नळ तेवढा उघडून पाहिला नाही.

बयाणा द्यायला निघालो आणि शर्ट चुरगळलेला दिसला, म्हणून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे थांबलो. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. बनियनवर उभा राहून मी त्याला गुंतवणूक समजावू लागलो. तो बोटांनी पाणी शिंपडत ऐकत होता.

"नोडी सर, बघा," कॉलर उलटवत तो म्हणाला, "मार्च आला की त्या तिसऱ्या मजल्याचे कपडे मला येतच नाहीत. पाणी चढत नाही, धुणार काय? मग माणसंच जातात."

"मग घेऊ काय?" पदवीधराने विचारलं.

त्याने हनुवटीने समोरचं बैठं घर दाखवलं. "तिथल्या भाडेकरूंचे शर्ट चार वर्षं बारमाही येतात. मालक विकतोय."

मी आधी जाऊन नळ उघडला, मग बोलणी केली. इस्त्रीवाल्याचं नाव विचारायचं मात्र आजवर सुचलेलं नाही.

भाडेकरू तेच राहिले. त्यांना विचारून आईने दाराशेजारी एक खिळा ठोकला. आमच्या नावावरचं ते पहिलं घर.