धरणाभोवती खड्डे सांगत

सायकलवाल्यांकडे किस्से फार साठतात. कारण साधं आहे. सायकल चालवताना बोलता येत नाही, दम लागतो. मग जे काही होतं ते सगळं आत पडून राहतं आणि चहाच्या टपरीवर एकदम बाहेर येतं. मी तर आता इतकी दमलेय, की सायकल काढून घ्या आणि मला नुसते किस्से सांगायला बसवा. गुडघ्यांचंही तेच म्हणणं आहे.

आमचा ग्रुप चार जणांचा. मी चारकोपची, शाळेच्या ऑफिसात दिवसभर पालकांची बोलणी खाणारी. दर्शना कोळी गोराईची, बोरिवलीच्या बाजारात मासळी विकते. मिलिंद जोगेश्वरीचा, कॉम्प्युटरवाला. आणि दहिसरचे अण्णा सावंत, आमच्यात सगळ्यात मोठे. मूळ मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः छापखान्यातून रिटायर झालेले.

वर्षातून एकदा, दिवाळी झाली की, ओळखीच्या इम्रानच्या टेम्पोत सायकली टाकून आम्ही कसाऱ्याच्या पलीकडे डोंगरातल्या एका धरणावर जातो. पाण्याला पूर्ण गोल रस्ता आहे आणि त्यावर गाडी म्हणून दिसत नाही. धरणाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या शनिवारी तिथे ट्रॅफिक जॅम झालाच म्हणून समजा!

*

ओळीने सायकली चालवताना एक रीत असते. पुढचा ओरडून मागच्याला सांगतो, "खड्डा, डावीकडे!" मागचा तेच त्याच्या मागच्याला सांगतो. आमच्यात पुढे कायम दर्शना, कारण आवाज. ती बाजारात पापलेटचा भाव बोलली की स्टेशनवर ऐकू येतो.

एका वर्षी दहिसरचा रस्ता पार खणून ठेवला होता. दर्शना ओरडतेय, "खड्डा! खड्डा! खड्डा! अरे देवा, खड्डा!" चेकनाक्यापर्यंत बाईचा घसा बसला.

"असंच चाललं तर मी उद्या मासे काय खुणा करून विकू?" ती म्हणाली.

मग आम्ही नियम बदलला. खड्डे सांगायचे नाहीत, ते आहेतच. चांगला रस्ता लागला तरच सांगायचं. त्या महिन्यात ती फक्त एकदा ओरडली, "रस्ताऽ!" आणि आम्ही तिघांनी दचकून ब्रेक मारले.

*

धरणावर पहिल्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, हॉर्न नाही, धूळ नाही. त्या दिवशी मिलिंद पुढे होता. दोन रस्ते मिळतात तिथे तो थांबला आणि एक पाय खाली टेकला. आम्हीही मागे ओळीत थांबलो. बराच वेळ झाला. कोणी येत नाही, जात नाही.

शेवटी शेजारच्या घराच्या ओट्यावरचा म्हातारा उठून आला. "कोणाची वाट बघताय?"

मी पुढे जाऊन विचारलं, "काय रे मिलिंद, काय झालं?"

"काही नाही गं. कोणीच येत नाहीये."

"मग चल ना!"

"हो, पण कोणीच येत नाहीये ना," तो म्हणाला. "म्हणूनच भीती वाटतेय."

हसू नका. मुंबईत इतकी वर्षं काढली की माणसाचं हेच होतं. रिकामा रस्ता दिसला की वाटतं, पुढे नक्की काहीतरी लफडं आहे. मला स्वतःला तिथे पहिले दोन तास छातीत धडधडत होतं.

*

आम्ही एका घरी उतरतो. मालक दत्तूभाऊ, बायको रांधते. पहिल्याच दुपारी त्यांनी हौसेने धरणातला मासा केला. आता दर्शनाला गोड्या पाण्याचा मासा वाढणं म्हणजे काय, हे त्यांना बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार?

तिने ताटात बघितलं, वास घेतला आणि आवाज जराही खाली न आणता म्हणाली, "ह्याला मासा म्हणतात? ह्याने जन्मात कधी मीठ तरी बघितलंय का?"

मला वाटलं, झालं, आता जेवणाची वाट लागली. दत्तूभाऊ शांतपणे आत गेले, मिठाची वाटी घेऊन आले आणि तिच्या ताटाशी ठेवली.

"ताई, हे घ्या. दाखवा त्याला."

दर्शना एवढी हसली की ठसका लागला. तुकडे किती खाल्ले ते विचारू नका. त्या दोघांची आता एवढी गट्टी आहे, की ती दर वर्षी सुकट घेऊन जाते.

*

त्या रस्त्यावर एक चढ आहे. त्याच्याबद्दल मला बोलायचंच नाही, पण बोलते. दर वर्षी मी तिथे उतरते आणि सायकल ढकलत नेते. ऑफिसमध्ये सांगताना मात्र "चालवला चढ" असंच सांगते.

मागच्या खेपेला अशीच ढकलत होते. श्वास भात्यासारखा चाललेला, तोंड लाल. मागून एक आजी आली. डोक्यावर जळणाचा हा एवढा भारा. ती मला ओलांडून पुढे गेली, थांबली, वळून माझ्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"बाय, लई जड हाय का गं ती? दे, ठेव माझ्या भाऱ्यावर."

इतकी दमले होते ना, की खरं सांगू? क्षणभर मी विचार केला!

*

आता अण्णांचं.

लिंक रोडला एका सकाळी अण्णा रिक्षाला जाऊन धडकले. लागलं नाही फार, कोपर सोललं. उठले ते तावातावाने, "बाजून आली ती! बघूकच नाय तेणा!"

"अण्णा," मी म्हटलं, "रिक्षा उभी होती. ड्रायव्हर चहा पीत होता."

ते मान इकडेतिकडे वळवून रिक्षा शोधत राहिले. त्यांचं ते शोधणं मला आवडलं नाही.

काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं गेलेलं, समोरचं नळीतून बघावं तेवढं, तेही धूसर. गेलं ते परत येत नाही म्हणाले डॉक्टर. वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, मुंबईत सायकल बंद करून टाकली. बरोबरच केलं. पण अण्णा खचले. माणूस खिडकीत बसून राहायचा. भेटायला गेलं की आम्हालाच विचारायचा, "आज खंय गेल्लात?" मला तिथे जाणं नकोसं व्हायला लागलं. वाईट वाटायचं, दुसरं काही नाही.

उरला तो धरणाचा रस्ता. गाड्या नाहीत, सिग्नल नाही, कठड्याच्या कडेने जायचं. पुढे दर्शना, अण्णांसाठी पुन्हा जुन्या नियमाने एकेक खड्डा ओरडून सांगणार, तिच्या मागे अण्णा, त्यांच्या बाजूला चिकटून मी. दोन वर्षं असे फिरलो. तिथून आले की अण्णा पुढचे कितीतरी दिवस माणसात असायचे.

यंदा वहिनी म्हणाल्या, "मी पण येणार. टेम्पोत बसून मागून बघणार. ह्यांना झेपत नाही असं मला वाटलं, तर सायकल तिथेच दत्तूभाऊंना देऊन यायची. मग परत विषय नको."

अण्णांनी मान डोलावली.

निघायच्या दिवशी दर्शनाचा आवाज बसलेला! गोराईला जत्रेत ओरडून आली होती. तोंडातून नुसती हवा येत होती. मिलिंद म्हणाला, "मी पुढे होतो."

"तू कशाक?" अण्णा म्हणाले. "मी आसंय मा. माका रस्तो पाठ आसा."

कोणाचीच हिंमत झाली नाही नाही म्हणायची. मागे टेम्पोत वहिनी बसलेल्या, काच खाली करून. अण्णा पुढे, मी त्यांच्या चाकाला चाक लावून, मागे दर्शना आणि मिलिंद.

आणि वळण घेतलं तर काय! पावसानंतर सगळा रस्ता नवा केलेला. काळाभोर, सपाट, एक खड्डा नाही. मला वाटलं, चला, देव पावला. तेवढ्यात अण्णांनी हात केला.

"खड्डोऽ! डाव्या बाजूक!"

आणि ते झोकात उजवीकडे वळले. मी बघितलं. दोन वर्षं त्याच जागी दर्शना ओरडायची, अगदी तीच जागा. दर्शनाच्या आरोळ्या ऐकून त्यांना सगळा रस्ता पाठ झाला होता, आणि त्यातला एकही खड्डा आता जागेवर नव्हता.

मी काय करणार? मी पण उजवीकडे वळले. "खड्डा, डावीकडे!" मागे ओरडून सांगितलं. मिलिंद वळला, दर्शना वळली.

"मोठोऽ! मधेच आसा!"

पुन्हा आम्ही सगळे वळसा घालून. गुळगुळीत रस्त्यावर चार शहाणी माणसं नागमोडी चाललीत. गुरं राखणाऱ्या दोघी बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. अण्णा इतके खूश, की मान मागे न करता ओरडले, "गो, आज हवा बरोबर भरल्यान हा. रस्तो कसो मऊ लागता!"

मला हसूही येत होतं आणि रडूही. मागे वळून बघायची छाती होईना. वहिनींना टेम्पोतून सगळा रस्ता स्वच्छ दिसत असणार. त्यांना कळायला किती वेळ लागणार? मी मनातल्या मनात अण्णांची सायकल दत्तूभाऊंच्या अंगणात उभी केलीसुद्धा.

अख्खी फेरी अशी झाली. एकही खड्डा अण्णा विसरले नाहीत.

उतरल्यावर अण्णा घामाघूम, लहान पोरासारखे हसत होते. वहिनी त्यांना पाण्याची बाटली देत होत्या. इम्रानने मला टेम्पोच्या मागे बोलावलं. बिचारा पूर्ण हैराण झाला होता.

"दीदी, आज मेरा सर फिर गया. तुम्ही पहिल्यांदा वळलात, मी सरळ चाललो होतो, तर भाभी ओरडल्या, 'वळव!' मी बोललो, भाभी, रोड तो एकदम मख्खन है, खड्डा किधर है?"

"मग?"

"तर बोलल्या, 'ते खड्डा बोलले ना? मग वळव गाडी!'"