एव्दोकियाबाईंच्या तोंडचं वाक्य

डॅन्यूब समुद्राला मिळते तिथल्या एका बेटावर आमचं कोळ्यांचं गाव. एव्दोकियाबाई माझ्या शेजारीण. नवरा अर्तेमी सात वर्षांपूर्वी गोठलेल्या नदीवर मासे धरायला गेला आणि बर्फ फुटून बुडाला. तेव्हापासून त्या जाळी दुरुस्त करून पोट भरत. धाकटा दीर लाव्रेन्ती होडीवर जाण्याआधी त्यांची लाकडं फोडून द्यायचा.

दोन वर्षांपूर्वी पाणपक्ष्यांवर माहितीपट करणारी मंडळी आली. त्यांची दुभाषी इलिंका सहा आठवडे बाईंकडेच राहिली. मावशी मावशी करत चुलीपाशी बसायची, माशांचं सूप मागून घ्यायची. एक दिवस बाईंनी तिला कुणालाच न सांगितलेलं सांगितलं. अर्तेमी बुडाला त्या जानेवारीत म्हणावी तशी थंडी पडलीच नव्हती. तो बर्फावर जायला तयार नव्हता. पाहुणे येणार म्हणून बाईंनीच त्याला माशांसाठी धाडलं. "बर्फ पातळ आहे हे ठाऊक होतं मला. तरी धाडलं. चूक माझीच." कॅमेरा समोर चालू होता. हे आपल्यातच राहील, असं इलिंका म्हणाली होती.

यंदा मार्चमध्ये ती फिल्म गावच्या सभागृहात दाखवली. पाणी तापतंय, मासे खोल जातायत, पिल्लांना मागे ठेवून पेलिकन लांब लांब उडतायत, हे सगळं त्यात होतं. "आम्ही वीस वर्षं हेच बोंबलतोय," लाव्रेन्ती म्हणाला, तशी माणसं हसली. मग पडद्यावर पोट वर करून तरंगणारे मेलेले मासे आले, मागोमाग आमच्या होड्या, आणि मग रडणाऱ्या एव्दोकियाबाई. त्यांचा आवाज दाबून त्यावर निवेदिका जणू त्यांचंच बोलणं सांगत बोलली, "आम्हाला ठाऊक होतं. तरी जाळी टाकायचे थांबलो नाही. चूक आमचीच."

सगळ्या माना बाईंकडे वळल्या.

बाईंनी इलिंकाला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, शब्द तुमचेच आहेत. लोकांना पटकन कळावं म्हणून थोडे जुळवून घेतले."

"माझे होते ना? मग मला विचारायचं होतंस."

गावाने जाळी देणं थांबवलं. लाव्रेन्तीही फिरकेना. चौथ्या दिवशी बाई त्याच्या अंगणात गेल्या. तो म्हणाला, "वहिनी, आमच्याच जाळ्यांवर जगलात आणि आम्हालाच चोर ठरवलंत?"

ते वाक्य कशाबद्दल होतं हे सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. त्यांनी सांगितलं.

वल्ह्याला डांबर फासता फासता लाव्रेन्तीने कुंचला खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे दादा आपणहून गेला नव्हता."

"नाही."

"आणि मी सात वर्षं तुमच्या दारात येतोय."

त्याच दुपारी त्याने धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं की फिल्मवाल्यांनी वहिनींच्या तोंडी भलतंच घातलंय, त्या आपल्याबद्दल बोलल्याच नव्हत्या. कशाबद्दल बोलल्या ते त्याने सांगितलं नाही. लोक पुन्हा जाळी आणू लागले. लाव्रेन्ती मात्र त्यांच्या दारात पुन्हा आला नाही. वाटेत भेटला तर टोपीला हात लावतो आणि पुढे जातो.

ईस्टरला इलिंकाचं कार्ड आलं. बाईंनी मला वाचायला सांगितलं. उन्हाळ्यात दुसऱ्या फिल्मसाठी यायचं आहे, तुमच्याकडेच उतरू का, असं विचारलं होतं. बाईंनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं: जागा नाही. खाली स्वतःच्या हाताने नाव घातलं, पूर्ण नाव, मावशी नव्हे.