चाळीस किलो तांदूळ मी खाल्ला नाही

दिनांक ३ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून बारा मिनिटे. शरीराचे तापमान ९५.९ अंश फॅरनहाइट, नाडी मिनिटाला ४४, वजन ५१.१ किलो. या नोंदीखाली मी अत्यंत समाधानाने 'उत्तम' असा शेरा लिहिला होता. त्याच दिवशी दुपारी लोणावळ्याच्या डॉक्टरबाईंनी ती वही वाचली, चष्मा काढला आणि विचारले, "ही नोंद भिंतीवरच्या पालीची आहे का?"

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले असून तळेगावजवळच्या एका औषध कारखान्यात तपासणी विभागात काम करते. एका गोळीत औषध किती आहे, हे मी मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत सांगू शकते. माझ्या पोटाला अन्न किती हवे, हे मात्र मी तीन वर्षे इंटरनेटला विचारत होते. (प्रत्यक्ष पोटाला विचारण्याचे सुचले नाही. त्याच्याकडे कोणतीही पदवी नव्हती.) अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत पूर्ण करायची, ही माझी महत्त्वाकांक्षा. त्यासाठी दिवसाला बाराशे कॅलरी, आठवड्यातून सहा दिवस धावणे आणि रविवारी लोणावळ्याच्या चढावर जादा तपश्चर्या. पहिल्या वर्षी माझी वेळ कमी झाली. दुसऱ्या वर्षी केस कमी झाले. तिसऱ्या वर्षी मी भर मे महिन्यात स्वेटर घालून कामावर बसू लागले, आठ महिने पाळी आली नाही, वेळ पुन्हा वाढली आणि वजन मात्र ढिम्म हलेना. भूक लागणे तर केव्हाच बंद झाले होते. मी त्याला मनोनिग्रह समजत होते.

"तुमच्या शरीरानं अर्धं दुकान बंद केलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मालच येत नाही म्हटल्यावर ते दिवे कशाला जाळेल?"

"चयापचय पूर्ववत होण्यास साधारण किती दिवस लागतील?"

"धावणं चार महिने बंद. खाणं दर आठवड्याला वाढवत न्यायचं. वजन वाढेल, ते वाढू द्यायचं. मध्येच पुन्हा उपाशी राहिलात तर हाडं ठिसूळ होतील, आणि मग धावणं कायमचं विसरा."

"वजन साधारण किती दशांशाने..."

"वजन करायचंच नाही."

मी मान हलवली. (मान हलवणे म्हणजे होकार, असे विज्ञानात कोठेही सिद्ध झालेले नाही.)

आता घराविषयी. वडगावच्या अलीकडे आमची वस्ती आहे. घरात आई, बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. घरच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ आत्या पुण्याच्या गिऱ्हाइकांना विकते, आणि त्यासाठी पडवीत तिचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. क्षमता शंभर किलो, अचूकता दहा ग्रॅम. बाजारातल्या वजनयंत्रांवर माझा विश्वास नसल्यामुळे रोज पहाटे सहा बाराला मी तांदळाच्या काट्यावर चढत असे. आत्याला ते मुळीच मान्य नव्हते.

"तांदळाच्या काट्यावं पाय ठिवतीस व्हय गं? लक्ष्मी हाय ती."

"पाय धुऊन उभी राहते, आत्या."

"मंग पोत्यातच बस की. त्वांड शिवून गिऱ्हाइकाला देऊन टाकते."

दहाव्या दिवशी काट्याने ५१.९ दाखवले आणि मी त्या रात्रीचे जेवण सोडले. पुढचे चार दिवसही सोडले. डॉक्टरबाईंनी फोनवरून खडसावल्यावर पुन्हा जेवू लागले. महिनाअखेरीस काटा ५२.३ वर गेला, तेव्हा मी वाढलेले ताट तसेच सारून उठले. आईने ते ताट झाकून ठेवले आणि तीही जेवली नाही. बाबा आधी माझ्याकडे पाहत राहिले, मग पडवीतल्या काट्याकडे. त्या दृष्टिक्षेपाची नोंद मी वहीत केली नाही, ही माझ्या संशोधनातली पहिली चूक.

कारण त्यानंतर चमत्कार घडला. डिसेंबरात मी चौदाशे कॅलरींवर गेले, वजन ५२.३. सोळाशेवर गेले, ५२.२. अठराशेवर ५२.४, आणि जानेवारीत दोन हजारांवर पुन्हा ५२.३. माझे चयापचय नुसते जागे झाले नव्हते, ते चौखूर उधळले होते! मी आलेख काढला. आडव्या अक्षावर अन्न, उभ्या अक्षावर वजन आणि मधून स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी सपाट रेषा. तो मी फ्रिजवर चिकटवला. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना या विषयावर वीस मिनिटांचे व्याख्यान दिले. त्यांपैकी दोघींनी माझी पद्धत लिहून घेतली. (त्यांची मी या लेखाद्वारे माफी मागते.) जीन्स कमरेत घट्ट होऊ लागली होती, पण कपडे धुण्याच्या पावडरीतील क्षारांमुळे कापड आटते, असे स्पष्टीकरण मी तयार ठेवले होते.

खरी चिन्हेही दिसत होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तापमान ९७.४ झाले, नाडी ५६. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाळी आली, आणि आईने कोणालाही कारण न सांगता शिरा केला. बाबांनी कारण न विचारता दोनदा घेतला.

याच काळात आत्याची कीर्ती वाढत होती. पुण्याहून गिऱ्हाइकांचे फोन येत. "आत्या, तुमच्याकडचा पाच किलो तांदूळ घरी मोजला, सव्वापाच भरला." आत्या फोन ठेवून पदर सारखा करी आणि म्हणे, "माझा हातच मोठा हाय, त्याला मी तरी काय करू?" गिऱ्हाइके वाढली. एका सोसायटीतून तर टेंपो आला.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी नऊच्या सुमारास आत्याने कोठी उघडली आणि तिचा आवाज थेट रस्त्यापर्यंत गेला.

"वैशे! हिकडं ये आधी."

मी गेले.

"गिरणीतनं आणला तवा आठ क्विंटल व्हता. सहा क्विंटल इकला. खाली किती ऱ्हायला पायजे?"

"दोन क्विंटल. घरात खाल्लेला वजा करून."

"घरात खायचा येगळा काढल्याला हाय. ह्यात चाळीस किलो कमी हाय. उंदीर लागलं म्हणावं तर पोत्याला भोक न्हाई. घरात नवं खाणारं एकच हाय."

"आत्या, चाळीस किलो तांदूळ मी खाल्ला?"

"मी कुटं म्हंते तू खाल्ला? मी म्हंते कमी हाय. खाल्ला आसशील तर खा, माय. फकस्त सांगून खा."

आरोप गंभीर होता. मी वही काढून बसले. चाळीस किलो तांदळातील कॅलरी भागिले नव्वद दिवस. उत्तर असे आले की, रोजच्या जेवणाखेरीज एवढा भात मी गुपचूप खात असते, तर फ्रिजवरची ती सपाट रेषा आतापावेतो छपराबाहेर गेली असती. म्हणजे मी निर्दोष. (निर्दोषत्व कॅलरीत सिद्ध करावे लागणारी आमच्या वस्तीतील मी पहिलीच व्यक्ती असावी.) आता उरला एकच साक्षीदार, तो म्हणजे काटा.

आईने महिन्याची साखर आणून ठेवली होती. एकेक किलोच्या पाच सीलबंद पिशव्या. त्या मी काट्यावर ठेवल्या.

४.६० किलो.

पिशव्या उतरवल्या, एकेक वेगळी मोजली; प्रत्येक ०.९२. पुन्हा पाचही एकत्र ठेवल्या. ४.६०. दुकानदार एका पिशवीत कमी साखर देईल, पाचही पिशव्यांत सारखीच कमी देणार नाही. काटा किलोमागे ऐंशी ग्रॅम खात होता. पाच किलो म्हणून आत्या पाचाहून जास्त देत होती, आणि ५२.३ किलोची मी प्रत्यक्षात ५६.८ किलो होते.

मी स्वयंपाकघरात गेले. "आई, काट्याला कोणी हात लावलाय?"

"मला काट्यातलं काय कळतंय?" आई भाकरी थापत म्हणाली. "मी आपलं तुपाचं तेवढं बघते."

"कसलं तूप?"

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"भाकरीच्या पिठात. डाळीत बी. आन् तुझ्या त्या ओट्सात."

"किती?"

"मोजून कुठं घालते? हात सैल सोडून."

म्हणजे आलेखाच्या आडव्या अक्षावर माझी आई बसलेली होती. उभ्या अक्षावर कोण बसले असावे, हे ओळखायला एम.एस्सी.ची गरज नव्हती. उर्से टोलनाक्याजवळच्या एका खासगी वजनकाट्यावर बाबा गेली सव्वीस वर्षे ट्रक मोजतात. या सव्वीस वर्षांत त्यांनी कोणाला पाच किलोचीही सूट दिलेली नाही. ट्रकवाले त्यांच्यासमोर केबिनमधले कॅलेंडरसुद्धा उतरवून ठेवतात, असा त्यांचा लौकिक आहे.

मी काहीही न खाता स्कूटी काढली आणि उर्से गाठले.

काट्यावर सिमेंटचा ट्रक उभा होता. ड्रायव्हर खिडकीपाशी पावतीची वाट बघत होता आणि आत बाबांनी नुकताच जेवणाचा डबा उघडला होता. मी दारातच उभी राहिले.

"बाबा, घरचा काटा तुम्ही बिघडवलात?"

बाबांनी पावतीवर शिक्का मारला, ती ड्रायव्हरच्या हातात दिली आणि मगच माझ्याकडे पाहिले. "बिघडवला न्हाई. जुळवला."

"कसा?"

"हितलं वीस किलोचं वजन न्यायाचो. त्येच्याशेजारी इटंचा तुकडा ठिवायचा आन् बटन दाबून काट्याला सांगायचं, ह्ये समदं मिळून वीस. त्यो ऐकतो." त्यांच्या आवाजात किंचित कारागिराचा अभिमान होता. "सकाळी तुझा आकडा वर सरला की सांच्याला इट जरा मोठी घ्यायची."

"मग कधी ५२.२, कधी ५२.४ कसे यायचे?"

"रोज त्योच आकडा आला की मानसाला संशय येतो. सव्वीस वरीस ह्येच बघतोय की."

मला रडू येत होते आणि राग येत होता, आणि कोणत्या क्रमाने, हे ठरत नव्हते. "तुम्ही? तुम्ही खोटा काटा केलात?"

"व्हय." बाबा शांतपणे म्हणाले. "काटा वाढला की तू ताट सारतीस. दोनदा सारलंस. तुझी आय बी उपाशी निजली. म्हनून म्या काटाच वाढू दिला न्हाई. आयुष्यात एकच खोटा केला, त्यो बी घरचा. बोल आता."

"आत्याचा चाळीस किलो तांदूळ गेला त्यात."

बाबांचा चेहरा प्रथमच पडला. "आरं द्येवा. तिला सांगितलंस?"

"साडेचार किलो, बाबा. साडेचार किलो वाढले मी, आणि मला पत्ता नाही. आजपासून पुन्हा बाराशे."

बाबांनी डब्याचे झाकण हातात घेतले आणि तसेच धरून ठेवले. बोलला तो ड्रायव्हर. पावती मिळूनही तो गेला नव्हता. असा मजकूर त्याला पुढच्या टोलपर्यंत कोठेही फुकट ऐकायला मिळणार नव्हता.

"ताई, तुम्ही त्या तळेगावच्या औषध कंपनीतल्या का? दुपारच्याला बाहेरचा जिना चढता-उतरता, त्या?"

डॉक्टरबाईंनी धावणे बंद सांगितले होते. जिन्याविषयी त्या काहीच बोलल्या नव्हत्या. रोज चौदा फेऱ्या. त्या मी वहीत लिहीत नव्हते, त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या त्या झालेल्याच नव्हत्या.

"आम्ही बांधकामाचा माल उतरवायला येतो ना तिथं," ड्रायव्हर बाबांना समजावू लागला. "आमाला वाटायचं, पोरीचं काय तरी वर ऱ्हायलंय आन् सारखी इसरतीय."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. पाच किलो जास्त भरलेल्या ट्रककडे ते ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने.

"म्हंजी मी काटा खोटा केला," ते म्हणाले, "तुझ्या आयनं पीठ खोटं केलं, आन् तू वही."

यावर देण्याजोगे उत्तर माझ्याकडे होते. ते मी मनात तीन मुद्द्यांत मांडलेही होते. पण पहिला मुद्दा बोलण्यासाठी तोंड उघडले आणि पोटात काहीतरी झाले. आधी पिळवटल्यासारखे, मग पोकळ, आणि पाठोपाठ असा आवाज की मी दचकून मागे पाहिले. मला वाटले, चक्कर येणार. रक्तदाब असावा. साखर उतरली असावी. मी नाडी बघायला मनगट धरले.

"ताई, भूक लागलीय तुम्हाला," ड्रायव्हर म्हणाला. "हितपत्तूर ऐकू आलं."

बाबांनी डबा माझ्याकडे सरकवला. ज्वारीच्या भाकऱ्या, वांग्याची भाजी, ठेचा. मी आधी उभ्यानेच एक तुकडा मोडला, निव्वळ पडताळणीसाठी. मग खुर्ची ओढली. पुढच्या काही मिनिटांचे निरीक्षण मला नोंदवता आलेले नाही. मागे दोन ट्रक येऊन हॉर्न वाजवत होते आणि बाबा खिडकीतून त्यांना हाताने थांबायला सांगत होते, एवढेच अंधुक आठवते. बाबांच्या कारकिर्दीत काटा जेवणासाठी थांबल्याचे हे पहिलेच उदाहरण, असे ड्रायव्हरने मला निघताना सांगितले.

बोटे चाटून झाल्यावर सवयीने वही काढली. कॅलरीचा रकाना मोकळा सोडला, कारण आईचा सैल हात कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. बाकीची नोंद मात्र नियमाप्रमाणे पूर्ण केली. १ फेब्रुवारी, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटे. भाकऱ्या: ३. भाजी: संपूर्ण. बाबांच्या जेवणासाठी शिल्लक: ०.