सात पॉइंट नऊ, तरी हिरवं

मला माझ्याच कोडची किळस आली, ती गोष्ट सांगतो. जालन्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी मी लेकरांच्या वजनाचं वेबपेज केलं होतं. मंठ्याकडच्या काही अंगणवाड्या त्यात दर महिन्याला वजनं भरायच्या. वजन वाढलं तर नावापुढे हिरवा ठिपका, तेवढंच राहिलं किंवा घटलं तर लाल. सलग दोन लाल आले की लेकराला संस्थेच्या पोषण केंद्रात खाट मिळायची. नियम संस्थेचा, पण ठिपके माझे, आणि मला त्यांचा भलता अभिमान होता.

एका अंगणवाडीतला टांगायचा काटा मोडला. तिथल्या ताई मग आईला लेकरू कडेवर घेऊन साध्या काट्यावर उभं करायच्या, नंतर एकटीला. वजाबाकी पेज करायचं. सव्वा वर्षाच्या एका पोराचं आदल्या महिन्याचं वजन सात पॉइंट नऊ किलो होतं. या वेळी आईसह बावन्न पॉइंट दोन, नुसती आई चव्वेचाळीस पॉइंट तीन. म्हणजे पुन्हा सात पॉइंट नऊच. ठिपका हिरवा.

ताईंचा फोन आला. "सर, दोन्ही आकडे सारखेच हायेत, मंग हिरवं कसं दाखवून राह्यलं? लेकरू वाढून न्हाई राह्यलं." मी जेवत होतो. सिस्टम बराबर आहे, तुम्ही नीट भरत जा, असं सुनावून फोन ठेवला. पेज उघडून बघायची तसदीसुद्धा घेतली नाही. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या महिन्यात पोर सात पॉइंट सहावर आलं. ताई मायलेकरांना घेऊन केंद्रावर गेल्या, तर लाल एकच आहे म्हणून त्यांना दारातूनच परत फिरवलं. त्यांनी मला फोन केला. रागावल्या नाहीत, मागलं हिरवं आडवं येतंय एवढंच म्हणाल्या.

तेव्हा कुठे मी कोड उघडलं. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे ठिपका ठरवणाऱ्या पेजच्या साच्यात, मी दोन वजनं समान आहेत का, असं थेट विचारलं होतं. कॉम्प्युटरला दशांश नेमके धरता येत नाहीत. त्याच्या वजाबाकीत नऊनंतर तेरा शून्यं आणि शेवटी एक सहा निघत होता. पेजवर तो दिसायचा नाही, कारण छापताना मी एकच दशांश ठेवला होता. तुलना मात्र त्या शेपटासकट. हे सगळं कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. आणि वाळत चाललेल्या पोराच्या आकड्याच्या त्या शेपटाला मी वाढ ठरवलं होतं. शी.

तुलनेआधी दोन्ही आकडे एका दशांशापर्यंत आणले. दोन मिनिटांचं काम. मागचा ठिपका लाल झाला. संस्थेचे साहेब म्हणाले, अहवालात 'तांत्रिक सुधारणा' लिहा. मी निमूट लिहिलं, त्याचीही शिसारी येते.

मग ताईंना फोन लावला. दोन लाल झालेत, आत घ्यायला सांगा, म्हणालो. पलीकडे एसटीचा खडखडाट ऐकू येत होता.

"आमी तर निघालो सर," त्या म्हणाल्या. "आज त्याची माय काम पाडून आल्ती. उद्या येती का न्हाई, इचारून बघते."