शांत बसण्याचं औषध

उन्नती सुर्वेला कुणी भांडखोर म्हटलं तर तिला राग येत नाही. "आहेच मी," म्हणते आणि हातातलं काम चालू ठेवते. पूर्वी अशी नव्हती हो! लग्न होऊन ग्वाल्हेरला आली तेव्हा तिचा आवाज स्वयंपाकघराच्या बाहेर ऐकू येत नसे. सुर्व्यांचं घर शिपाईगिरीतलं. तलवारी कधीच गेल्या, कुणी बँकेत लागलं, तिच्या नवऱ्यानं, समरजीतनं, स्टेशनाजवळ पडाव भागात ट्रान्सपोर्टचं ऑफिस काढलं. पण चार माणसांत कसं बसावं, कसं उठावं, वडीलधाऱ्यांना मुजरा कसा करावा, याचा धाक तेवढा शिल्लक राहिला. तो सांभाळायला सासूबाई उषाताई होत्या. घरात त्यांना आईसाहेब म्हणतात.

अशा घरात गरिमा जन्माला आली.

गरिमाला ऑटिझम आहे. आता अकरा वर्षांची आहे. बोलते थोडं, तेही बहुतेक हिंदीत, आणि डोळ्याला डोळा काही देत नाही. मुजरा तर सोडाच, नमस्काराला हात जोडून घ्यायचे म्हटलं तरी घर डोक्यावर घेते. माया करायची तिची तऱ्हाच वेगळी. माणूस पाठमोरं सापडलं की गुपचूप यायचं, पाठीला कपाळ टेकवायचं आणि धूम ठोकायची. आईला, बापाला, समोरच्या महिपतरावांना, भाजीवाल्यालासुद्धा! आईसाहेब म्हणायच्या, "ही काय पोर आहे की बोकड?"

गेल्या साली चुलत दिराच्या लग्नात बँडचा दणदणाट सुरू झाला आणि गरिमानं कान दाबून अशी किंकाळी फोडली की नवरदेवाचा घोडा बिचकला. व्याही मंडळींनी नाकं मुरडली. आईसाहेबांचा तर तिळपापड झाला. "लोकांत बसवायची काही सोय करा हिची," त्यांनी मुलाला बजावलं. मग इंदरगंजातल्या डॉक्टरांकडे नेलं आणि गोळी सुरू झाली. उन्नती थकली होती, तिनं मान डोलावली.

आणि गरिमा बसू लागली! दिवाळीला पाहुणे आले तर सोफ्यावर आईसाहेबांशेजारी तासभर. जो तो म्हणे, "बाई बाई, माणसाळली हो पोर!" खोटं कशाला सांगा, उन्नतीलाही बरं वाटलं.

आता तिच्या नोकरीचं सांगितलं पाहिजे. एका खासगी संशोधन संस्थेत ती उंदीर बघते. हसू नका, उंदीर एकमेकांना कसे भेटतात हे बघायचंच तिला पगार मिळतो. उंदराला काही ऑटिझम होत नसतो. पण त्याचा एखादा जीन बदलला की तो जरा वेगळा वागतो, आणि त्यावरून माणसाबद्दल काही अंदाज बांधता येतो का, एवढाच प्रश्न. तीन खणांची पारदर्शक पेटी असते. एका टोकाला जाळीच्या पालथ्या वाटीखाली अनोळखी उंदीर ठेवायचा, दुसऱ्या टोकाला नुसती रिकामी वाटी. मधल्या खणात आपला उंदीर सोडायचा. तो कुठल्या खणात किती वेळ काढतो ते कॉम्प्युटर मोजतो. सोबत आवडणारा उंदीर या अनोळखी पाहुण्यापाशी जास्त थांबतो, आणि जीन बदललेला थांबत नाही.

त्या हिवाळ्यात त्यांनी जीन बदललेल्या उंदरांना एक औषध दिलं, गरिमाच्या गोळीच्याच जातीतलं. आकडे आले तर काय, हे उंदीरही पाहुण्यापाशी बसलेले! विभागाचे प्रमुख श्रीपाद सर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना डाळ भरलेल्या पुऱ्या, आमच्याकडची बेडई, खिलवली. उन्नतीनं घरी येऊन आईसाहेबांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आम्हाला उंदराच्या सांगण्याची गरज नाही. पोर समोर दिसतेय ना!"

दोन दिवसांनी उन्नती पेटीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघत बसली. तसं बघायची गरज नव्हती, आकडे आलेच होते. आधी बिनऔषधाचा उंदीर बघितला. तो पाहुण्यापाशी जायचा, जाळीला नाक लावायचा आणि पळायचा. पुन्हा यायचा, नाक लावायचा, पळायचा. किती फेऱ्या! पण प्रत्येक फेरी एवढीशी, म्हणून वेळेच्या हिशेबात तो एकलकोंडा ठरला होता. मग औषधाचा उंदीर लावला. तो डुलत डुलत पाहुण्याच्या खणात गेला, जाळीकडे पाठ करून बसला आणि पेंगला. शेवटपर्यंत पेंगतच राहिला. एकदाही वास घेतला नाही.

उन्नती तशीच सरांकडे गेली.

"सर, हा भेटायला नाही गेला, हा तिथे जाऊन पडलाय. फेऱ्या मोजा, वास घेणं मोजा."

"अगं, वेळ मोजायचं आपलं आधीपासून ठरलंय ना," सर म्हणाले. "रिझल्ट बिलकुल साफ आहे, फालतू गुंता कशाला करतेस?"

"मग या प्रयोगाच्या लेखातून माझं नाव काढा."

सरांना वाटलं बाई रुसली, उद्या येईल ताळ्यावर. ती ताळ्यावर आली नाही आणि लेखात तिचं नावही आलं नाही. दोन वर्षांची मेहनत होती तिची. पण त्याचं दुःख करायला तिला सवड कुठे होती?

कारण सरांशी वाजलं त्याच संध्याकाळी घरी आली तर गरिमा सोफ्यावर आजीशेजारी बसलेली. तोंड किंचित उघडं, नजर कुठेच नाही. आईसाहेब कौतुकानं म्हणाल्या, "बघ, केव्हाची बसलीय माझ्यापाशी!" उन्नती आठवू लागली. ही पाठीला कपाळ टेकवून किती दिवस झाले? दिवस कसले, महिने झाले असतील. ती स्वयंपाकघरात गेली, दाराकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिली. कणीक मळली, भाजी चिरली, चिरलेली पुन्हा चिरली. कुणी आलं नाही. तेव्हा ओट्याला धरून ती रडली, आणि रडता रडता तिला स्वतःचा इतका संताप आला की कणकेचा गोळा भिंतीवर भिरकावला. पोर पळत होती तेव्हा ती येतही होती, एवढं साधं कुणाला दिसलं नाही, आणि आईला तर दिसायला हवं होतं.

डॉक्टर भले होते. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "एकदम बंद करायची नाही. हळूहळू उतरवू, मी बघत राहीन." समरजीत म्हणाला, "उन्नती, आत्ता कुठे घरात शांती आलीय यार." ती म्हणाली, "शांती तुला हवी असेल तर तू फूलबागेत जाऊन बस." असं ती नवऱ्याला पहिल्यांदाच बोलली.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. गरिमाची झोप उडाली, काचेचे पेले फुटले, शेजाऱ्यांनी दार वाजवलं. लग्नात तिच्या कानांना बँड सोसला नव्हता, म्हणून उन्नतीनं आवाज अडवणारे हेडफोन आणले. मग एका सकाळी ती पोळ्या लाटत असताना पाठीला कपाळ लागलं आणि पावलं पळाली. पोळी करपली. करपू दे म्हणाली.

चैत्रात आईसाहेबांचं हळदीकुंकू असतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या साऱ्या मराठी बायका येतात, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. आदल्या दिवशी आईसाहेबांनी फर्मावलं, "एक दिवस जुन्या मापानं गोळी दे, नाहीतर तिला वरच्या खोलीत ठेव."

"गोळी डॉक्टर सांगतील तेवढीच. आणि ती वर राहिली तर मीही वरच राहीन. कुंकू तुम्ही लावा."

घरची सून नसलेलं हळदीकुंकू दिसायचं कसं? आईसाहेब हरभरे भिजत घालायला निघून गेल्या.

गरिमा आली हेडफोन लावून, नाकातल्या नाकात गुणगुणत. बायका बसल्या होत्या त्यांच्यामागून फेऱ्या घालू लागली. कुणाच्या पदराला धक्का लागला, कुणाचं पन्हं हिंदकळलं. ठसठशीत नथ घातलेल्या सुमनताई होत्या तिथे, आईसाहेबांच्या मैत्रीण. त्यांनी पदर झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दिवाळीत किती छान झाली होती गं! शांत बसायची. औषध का बंद केलंत?"

उन्नतीच्या हातात कुंकवाचा करंडा होता. तिनं तो खाली ठेवला.

"काकू, दिवाळीत ती बसली नव्हती, पेंगत होती. आता जागी आहे. त्रास तुम्हाला होतोय ना? मग औषध तुम्ही घ्या."

 गरिमाचं गुणगुणणं चालू होतं. आईसाहेबांच्या भुवया कपाळात गेल्या.

"सूनबाई! पाहुण्यांशी असं बोलतात का आपल्याकडे?"

"आजपासून बोलतात, आईसाहेब," उन्नती म्हणाली.